डॉड फ्लेटसाठी एक मिनिट

तीनला दोन मिनिटं कमी

पोर्टनॉरी थिसलच्या मैदानावरचा लाउडस्पीकर समुद्राच्या वाऱ्याने खरखरीत झालेला आहे. त्यातून कुणाचाही आवाज आला तरी तो बोटीवरून मदत मागतोय असं वाटतं. आज त्यातून क्लबचा सेक्रेटरी नॉर्मन पिरी बोलत होता.

"मंडळी, सामना सुरू होण्याआधी एक वाईट बातमी आहे. शहाऐंशी सालच्या आपल्या संघातले सेंटर-हाफ जॉर्ज फ्लेट, आपला डॉड, मंगळवारी गेले. त्यांच्यासाठी एक मिनिट शांत उभे राहू या."

पाहुण्या संघाचा मॅनेजर इनेस मेअर आपल्या बाकासमोर उभा होता. नुकतंच त्याने च्युइंग गम सोलून हातात घेतलं होतं. त्याने गम कोटाच्या खिशात टाकलं आणि कागद तोंडात घातला.

चावायलाही लागला.

सेकंद १

रेफरीने शिट्टी वाजवली. दोनशेचाळीस माणसं गप्प झाली. सीगल पक्षी झाले नाहीत.

सेकंद ४

डॉड गेला.

हे वाक्य इनेसने मनातल्या मनात एकदा म्हणून पाहिलं. पुन्हा म्हणून पाहिलं. ते कुठेच बसेना. पाठ केलेल्या कवायतीत एखादा पाय जास्त झाल्यासारखं वाटलं. डॉड असा कसा जाईल? तो याच गावच्या गल्लीत, याच मैदानावर, सहा वर्षं त्याच्या उजव्या खांद्याला खांदा लावून खेळलेला. पाच नंबर इनेस, सहा नंबर डॉड, दोघंही सेंटर-हाफ, म्हणजे मधले बचावपटू. एक वर उडाला की दुसऱ्याने मागे राहायचं, असं त्यांचं ठरलेलं होतं, आणि कुणी उडायचं तेही ठरलेलं होतं: जो आधी आपलं नाव ओरडेल त्याने.

सेकंद ९

मंगळवारी मी काय करत होतो?

मंगळवारी तो स्ट्रॅथकॉरीच्या सरावाच्या मैदानावर, गुडघाभर चिखलात, आपल्या दोन बचावपटूंवर घसा फोडत होता. "चेंडू वरून येतोय, तुम्ही दोघं उडताय, आणि तोंडं शिवलीत का? नाव ओरडा! आपलं नाव! आई-बापांनी कशाला ठेवलंय ते?" मग घरी जाताना त्याने सॉसेज घेतले होते. तळून खाल्ले होते. तेव्हा डॉड मेलेला होता, आणि सॉसेज चांगले लागले होते.

सेकंद १५

एप्रिल शहाऐंशी. शेवटचा सामना, हेच मैदान, तो समोरचा बंदराकडचा गोल. बरोबरी झाली असती तरी पोर्टनॉरी लीग जिंकणार होतं. क्लबच्या जन्मापासून पहिल्यांदा. तीन हजार माणसं होती. बोटी बाहेर गेल्या नव्हत्या. पाद्रीसुद्धा आला होता.

नव्वदावं मिनिट. शून्य-शून्य. डावीकडून चेंडू आला, उंच, ओला, वाऱ्यात डुलत. इनेस उडाला. डॉडही उडाला.

नाव कुणीच ओरडलं नाही.

काळोखात वीज चमकावी तसं काहीतरी डोळ्यांत झालं. डोळे उघडले तेव्हा चेंडू आपल्याच जाळ्यात होता. डॉड गुडघ्यांवर बसला होता आणि त्याच्या भुवईतून रक्त गळत होतं. तीन हजार माणसं अशीच, आत्तासारखीच, गप्प होती.

रेफरीने वहीत लिहिलं: स्वयंगोल, फ्लेट. गुडघ्यांवर बसलेला माणूस गुन्हेगारच दिसतो.

पण इनेसच्या कपाळावर, डाव्या भुवईच्या वर, ओल्या चामड्याचा फटका ताजा होता. त्याला माहीत होतं. तो गप्प राहिला, कारण स्टँडमध्ये तिसऱ्या रांगेत ग्लासगोच्या क्लबचा माणूस मांडीवर वही घेऊन बसला होता, आणि त्या वहीत इनेस मेअर हे नाव आधीच लिहिलेलं होतं.

सोमवारी इनेसने सही केली. मंगळवारी गाव सोडलं.

सेकंद २६

त्यानंतरचं सगळं त्या एका गप्प बसण्यावर उभं आहे.

ग्लासगोत नऊ वर्षं. तीनशे अकरा सामने. नाक दोनदा मोडलं. स्कॉटलंडच्या निळ्या शर्टात दोनदा, त्यातलं एकदा फक्त शेवटची चार मिनिटं. मग गुडघा गेला आणि तो मॅनेजर झाला. सहा क्लब. पाच ठिकाणांहून हाकललं. एकदा फोनवर, एकदा सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये हातात अंड्यांचा ट्रे असताना, आणि एकदा तर दाढी करता करता त्याने ते रेडिओवरच ऐकलं. दर वेळी नव्या क्लबमध्ये पहिल्या दिवशी तो पोरांना तेच सांगायचा: "बचावपटूचं पहिलं काम म्हणजे चूक अंगावर घेणं." दर वेळी हे बोलताना खोलीच्या कोपऱ्यात भुवई फुटलेला डॉड उभा असायचा.

सेकंद ३३

समोरच्या स्टँडमध्ये एक म्हातारी दोन्ही हात हलवत होती.

जेसी स्लेटर. हिरवी टोपी. डॉडच्या आईची शेजारीण, ऐंशीच्या पुढची. ती उभी राहून हात हलवत होती, तोंडाची उघडझाप करत होती, पाण्याबाहेर काढलेल्या माशासारखी. शेजारच्या माणसाने तिचं कोपर धरलं, तिला खाली बसवलं, ओठांवर बोट ठेवलं. ती पुन्हा उठली. त्याने पुन्हा बसवलं.

बिचारी, इनेसला वाटलं. तिला सोसत नाहीये.

सेकंद ४१

सदतीस ख्रिसमस. त्यांतल्या अकरा वेळा त्याने कार्ड विकत घेतलं, 'प्रिय डॉड' लिहिलं आणि थांबला. ती कार्डं एका बुटाच्या खोक्यात आहेत. सगळ्यांवर 'प्रिय डॉड', पुढे सगळी कोरी. डॉड गाव सोडून फ्रेझरबर्गला गेला, तिथल्या मासळीबाजारात कामाला लागला, एवढं त्याने उडत उडत ऐकलं होतं. चाळीस मैल. गाडीने तास.

आता ते चाळीस मैल कशानेच कापता येणार नव्हते.

सेकंद ५४

शिट्टी.

सहा सेकंद कमी. आयुष्यभर घड्याळाकडे बघून जगलेल्या माणसाला हे कळतं. तोंडातला कागद त्याने गिळला होता.

मिनिट १ ते ८०

आठवत नाही.

मिनिट ८१

बंदराकडचा गोल. आता तो स्ट्रॅथकॉरीचा, म्हणजे इनेसच्या पोरांचा होता. शून्य-शून्य. डावीकडून चेंडू आला, उंच. फिनले उडाला, ब्रोडीही उडाला. दोघांची डोकी नारळासारखी आपटली, इनेसच्या बाकापर्यंत आवाज आला. चेंडू गोलच्या खांब्याला चाटून बाहेर गेला.

इनेस धावत रेषेपर्यंत गेला. कपाळ धरून दोघं उठत होते.

"कुणाला लागला?"

"मला, बॉस," फिनले म्हणाला.

"मला, बॉस," ब्रोडी म्हणाला. त्याच क्षणी.

"एक चेंडू दोघांना लागतो का रे, बैलांनो?"

"बॉस, शप्पथ. कपाळावर बसला माझ्या."

"याच्या? माझ्या बसला! अजून झिणझिण्या येतायत."

"नाव का नाही ओरडलात?"

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. इनेसही त्यांच्याकडे बघत राहिला. काहीतरी त्याच्या जवळून गेलं, पण त्याला ते धरता आलं नाही. कोपऱ्यावरून किक घ्यायला थिसलचा माणूस निघालाच होता.

सामना संपल्यावर, रेडिओवर जसंच्या तसं गेलेलं

*शोना गेडीस:* शून्य-शून्य, इनेस. एक गुण घेऊन घरी चाललात. समाधानी?

*इनेस मेअर:* हो. नाही. (श्वास.) शोना, हे थेट जातंय का?

*शोना:* थेट जातंय.

*इनेस:* मग मला एक सांगायचंय. शहाऐंशीचा तो स्वयंगोल डॉड फ्लेटच्या नावावर आहे. तो त्याचा नव्हता, माझा होता. माझ्या कपाळाला लागून गेला. मला त्याच क्षणी ठाऊक होतं आणि मी बोललो नाही, कारण मला ग्लासगोला जायचं होतं. माझं सगळं करिअर त्या पोराच्या डोक्यावर उभं आहे. आणि हे मी तो जिवंत असताना बोलायला हवं होतं.



*शोना:* इनेस... तुमच्या मागे नॉर्मन पिरी हात हलवत धावत येतायत.

पाचला दहा मिनिटं कमी, खेळाडूंच्या बोगद्याच्या तोंडाशी

नॉर्मन पिरी चिखलात घसरला, उठला, पुन्हा धावला. त्याच्या मागून हिरवी टोपी येत होती, वयाच्या मानाने भलतीच भराभर.

"इनेस, बोललात? बोलून झालं?"

"झालं."

"देवा." नॉर्मनने भिंतीला हात टेकला. "तो मेलेला नाही."

"कोण?"

"डॉड फ्लेट."

"मग मेलं कोण?"

"डॉड फ्लेट."

"नॉर्मन, तुम्ही प्यायलात का?"

"दुसरा डॉड फ्लेट!" जेसी स्लेटर येऊन पोचली होती आणि तिच्या श्वासात सगळ्या गावाची चीड होती. "डॉड शेवी मेला, डॉड शेवी! खेकड्यांच्या टोपल्या विणायचा तो! चौऱ्याऐंशी वर्षांचा! जन्मात चेंडूला पाय लावला नाही त्याने. तुझा डॉड म्हणजे डॉड कॉस्टी. तो तिकडे फ्रेझरबर्गला टुणटुणीत आहे, परवा त्याच्या बायकोने मला मार्मलेड पाठवलंय!"

पोर्टनॉरीत आडनावं चार. फ्लेट, मेअर, स्लेटर, कोवी. नावंही तीच ती, आजोबाचं नातवाला, आणि प्रत्येक जॉर्ज म्हणजे डॉड. म्हणून प्रत्येक घराला एक हाक-नाव असतं: शेवी, कॉस्टी, लॅटिन. ते बोटीच्या कागदांवर असतं, पोस्टमनच्या डोक्यात असतं, थडग्यावरही असतं. त्याशिवाय माणूस कोण ते कळत नाही. शेवीची लेक कॅनडात. तिने पेपरात बातमी दिली आणि हाक-नाव घालायचं राहिलं. आणि नॉर्मन पिरी होता आतला, शेतांकडचा, समुद्रापासून आठ मैलांवरचा. तिथे जॉर्ज फ्लेट म्हणजे जॉर्ज फ्लेट.

"चौदा जॉर्ज फ्लेट आहेत या गावच्या यादीत," जेसी म्हणाली. "चौदा! मी हात हलवत होते तर या बर्टीने मला खाली दाबलं."

"शांतता पाळायची होती, जेसीकाकू," बर्टी मागून पुटपुटला.

"मेलेल्यासाठी पाळतात ती! जिवंतासाठी तोंड उघडायचं असतं, गाढवा."

"हाफ-टाइमला मला कळलं," नॉर्मन म्हणाला. त्याचा चेहरा रेषा मारायच्या चुन्यासारखा झाला होता. "पण लाउडस्पीकरवर सांगू तरी काय? मंडळी, गेलेले परत आले? म्हटलं, सामना संपला की आधी इनेसना गाठू. तर तुम्ही आधी रेडिओला गाठलंत."

जवळच चुन्याची ढकलगाडी होती, तो तिच्यावर बसला. कोटाला मागून पांढरा पट्टा उमटला. कुणी त्याला सांगितलं नाही. सांगण्यासारखी वेळ नव्हती.

डॉड जिवंत आहे.

आनंद व्हायला हवा होता. तो कुठेतरी खाली झालाही असेल. पण वर फक्त एकच गोष्ट होती, थंडगार: मेलेल्या माणसाजवळ कबुली देणं सोपं असतं. आता तो ऐकणार होता.

त्याने ऐकलंही होतं. नॉर्मनच्या खिशातला फोन वाजू लागला.

चहाची खोली

खोलीत वीसेक माणसं होती. खिम्याची पाई हातात, कप हातात. नॉर्मनने फोन पुढे केला तसं एकेकाचं चावणं थांबलं.

"इनेस?"

सदतीस वर्षांनी आवाज जाड झाला होता. पण नावातला 'स' तसाच, दातांतून शीळ घातल्यासारखा.

"डॉड."

"मी मेलो म्हणे."

"डॉड, मी..."

"थांब. आधी मला बोलू दे, मी मेलेला आहे. मॉरा ओट्यापाशी उभी होती, रेडिओ लावलेला. ती किंचाळली. मला वाटलं भाजली. बघतो तर काय, इनेस मेअर रेडिओवर माझा गोल चोरतोय."

"चोरतोय?"

"मग काय! गाढवा, माझ्या आयुष्यातला तो एकुलता एक गोल! सहा वर्षं थिसलला, दोन वर्षं इथे. एकशे नव्वद सामने. समोरच्या जाळ्यात एक नाही. एकदाच चेंडू जाळ्यात घातला, तो आपल्याच जाळ्यात, पण घातला मी! दर एप्रिलला इथले लोक मला त्या गोलवर बिअर पाजतात. आणि तू तो रेडिओवर सगळ्या उत्तरेसमोर काढून घेतोस?"

खोलीत कुणीतरी फसकन हसलं आणि पाईचे कण उडाले. जेसीने त्याच्याकडे असं पाहिलं की तो पुन्हा गप्प झाला.

"डॉड, ऐक. तो मला लागला. डाव्या भुवईच्या वर. मला ते चामडं अजून आठवतं."

"चामडं? बाळा, ते माझ्या कपाळाचं हाड होतं. माझी भुवई कशाने फुटली? चेंडूने फुटते का भुवई? तुझ्या दगडी डोक्याने फुटली! चेंडू मला लागला, उजवीकडे, आणि मग तू येऊन आदळलास."

"नाही, तू आदळलास. आधी चेंडू, मग तू."

"आधी चेंडू मला."

"मला."

इनेस थांबला. पलीकडे डॉडही थांबला.

*मला, बॉस. मला, बॉस.*

दारात फिनले आणि ब्रोडी उभे होते, पाठीला बॅगा, कपाळावर एकेक टेंगूळ, एकाच उंचीवर.

सदतीस वर्षं. ती कार्डं, प्रत्येक खोलीच्या कोपऱ्यातला तो रक्ताळलेला डॉड, प्रत्येक नव्या क्लबात बोललेलं ते वाक्य, सगळं एका फटक्यावर उभं केलेलं होतं, आणि तो फटका चेंडूचा होता की डॉडच्या डोक्याचा हे आता देवालाही सांगता येणार नव्हतं. इनेसने मोकळ्या हाताने डावी भुवई चाचपली. तिथे काहीच नव्हतं. कधीच काही नव्हतं.

"मग तू रागावला नाहीस?" त्याने विचारलं. आवाज त्याला स्वतःला लहान वाटला.

"रागावलो नाही? अरे, सदतीस वर्षं मी तुझं नाव घरात घेऊ दिलं नाही!"

"पण आत्ता तर म्हणालास, गोल तुझा..."

"गोलचं काय घेऊन बसलास? तू मोज्यांवर निघून गेलास मैदानातून त्या दिवशी. बूट तसेच टाकून. मंगळवारी तू जाणार कळलं म्हणून मी ते धुतले, पुसले, ग्रीस लावलं, आणि सकाळी साडेसातला बस स्टॉपवर उभा राहिलो. भुवईला सात टाके. तू आलास, मला पाहिलंस, आणि मान खाली घालून बसमध्ये चढलास. मी हातात बूट धरून उभा. गाव बघतंय. ते मी विसरलो नाही."

इनेसला तो बस स्टॉप आठवला. डॉडही आठवला. हातातले बूट त्याने पाहिलेच नव्हते. त्याला वाटलं होतं, डॉड जाब विचारायला आलाय.

"मला वाटलं तुला माहीत आहे," तो म्हणाला. "गोल माझा आहे हे. मला वाटलं तू ते सगळ्यांसमोर बोलणार."

"मी म्हणणार होतो, नव्या बुटांनी पाय सोलून घेऊ नकोस, हेच घाल. बस. एवढंच."

चहाच्या भांड्याचं झाकण थडथडत होतं.

"माफ कर, डॉड."

"कशाबद्दल? नीट सांग. गोलबद्दल म्हणालास तर फोन ठेवतो."

"बुटांबद्दल."

"हां." पलीकडे खुर्ची सरकली. "एक सांग. माझ्या मिनिटाला किती सेकंद दिले थिसलवाल्यांनी?"

"चोपन्न."

"मोजलेस?"

"मोजले."

"कंजूष लेकाचे. मेल्यावरसुद्धा सहा सेकंद कापले माझे. मला हवेत ते. आत्ता. सगळ्यांना उभं कर."

इनेसने फोन कानापासून जरा दूर धरला. "तो म्हणतोय, त्याचे सहा सेकंद राहिलेत."

नॉर्मन पिरीने आधी टोपी काढली. मग खुर्च्या सरकल्या. वीस माणसं उभी राहिली, कुणी पाई खाली ठेवून, कुणी तशीच हातात धरून.

सेकंद ५५

जेसी स्लेटरने या वेळी हात हलवला नाही.

सेकंद ५६

फिनले आणि ब्रोडी माना खाली घालून, एकमेकांकडे तिरके बघत.

सेकंद ५७

फोनमधून डॉडचा श्वास येत होता. जड, सिगारेटी ओढलेल्या माणसाचा. जिवंत.

सेकंद ५८

इनेसचे ओठ हलले. नाव ओरडायचं होतं. डॉड कॉस्टी, अख्खं नाव, बंदरापर्यंत ऐकू जाईल असं. इतकी वर्षं तो दुसऱ्यांना नाव ओरडायला शिकवत होता. पण शांतता होती, आणि या देशात शांततेत तोंड उघडत नाहीत.

सेकंद ५९

तरीही,

"कॉस्टी!" तो ओरडला.

सगळे दचकले. नॉर्मनच्या हातातली टोपी खाली पडली.

सेकंद ६०

फ्रेझरबर्गच्या स्वयंपाकघरात किटलीने शिट्टी दिली.

"मेअर," पलीकडून डॉड म्हणाला. हळू. मग नेहमीच्या आवाजात, "चहा झाला. येतोस का?"

"बसने आलोय. सोळा पोरं आहेत बरोबर."

"त्यांनाही आण." फोन बाजूला धरून तो ओरडला, "मॉरा! ब्रेड किती आहे?" मग परत, "आणि इनेस, तुझे ते बूट कडक झालेत आता. ग्रीस लावूनच नेतोस ना?"